बिघाडमास्तर आणि माझी दोन पानी तक्रार

ती तक्रार मीच केली. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की बाईंनी स्वतःचं तेवढं झाकून ठेवलं. दोन पानं, सुवाच्य अक्षर, खाली माझी सही आणि सहीखाली एक ओळ: ‘नाव गुप्त ठेवावे ही विनंती.’ ती शेवटची ओळ मला अजून टोचते.

शाळांनी हात टेकलेल्या पोरापोरींसाठी आमचं केंद्र आहे. जुन्या गोदामाचा वरचा मजला, त्यात एक कार्यशाळा, दोन वर्ग आणि कोपऱ्यात माझी खोली. चौदा ते अठरा वयाची बावीस मुलं. काहींना शाळांनी काढलेलं, काहींनी शाळेलाच काढून टाकलेलं. इथं नळकाम, सुतारकाम, वायरिंग, पंपदुरुस्ती शिकायची, त्यातून जमेल तेवढं लिहायचं-वाचायचं आणि दोन वर्षांनी दाखला घेऊन कामाला लागायचं. मी तिथली कारकून. हजेरीपट, पत्रव्यवहार, किल्ल्या आणि चहाची साखर, सगळं सव्वीस वर्षं माझ्या ताब्यात.

मास्तर आले ते सहा वर्षांपूर्वी. तसे ते मास्तर नव्हेतच. तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत हिंडलेला माणूस, सातवीत शाळा सोडली ती कायमची. गुडघे गेले, खाली खड्ड्यात उतरणं जमेना, म्हणून आमच्याकडे शिकवायला लागले. ठेंगणेसे, कानावर पेन्सिल, शर्टाच्या खिशात छोटा स्क्रूड्रायव्हर, आणि चेहरा इतका साळसूद की नुसता पाहूनच संशय यावा.

पहिल्या महिन्यात बावीसपैकी नऊ मुलं यायची आणि त्यातली चार बाकावर झोपायची. आधीच्या शिक्षकांनी समजावून पाहिलं होतं, रागावून पाहिलं होतं, घरी चिठ्ठ्या पाठवल्या होत्या. मास्तरांनी यातलं काही केलं नाही. एके दिवशी सगळ्यांच्या आधी आले, काहीतरी केलं आणि पोरं जमल्यावर सांगितलं की या मजल्यावर आज एक गोष्ट बिघडलेली आहे. ती सापडेपर्यंत कुणाची हजेरी लागणार नाही, वर्ग होणार नाही आणि बाईंना चहाही मिळणार नाही. हे चहाचं त्यांनी मला न विचारता ठरवलं होतं.

त्यांचे नियम मात्र पक्के होते. रोज एकच बिघाड. काही मोडायचं नाही, नुसतं ढिलं करायचं, सरकवायचं किंवा उलटं लावायचं. विजेच्या चालू तारेला आणि कुणाच्या अंगावर येईल अशा वस्तूला हात लावायचा नाही. सापडलं की आधी सांगायचं काय बिघडलंय, मग कशावरून कळलं ते, आणि मग दुरुस्त करायचं. एकाला सापडलं की सगळ्यांची हजेरी लागायची.

पोरं आधी हसली. मग चिडली. मग म्हाताऱ्याला रंगेहाथ पकडायचंच म्हणून लवकर यायला लागली. मास्तर सातला यायचे तर पोरं पावणेसातला. मास्तर साडेसहाला यायला लागले. एकदा मी सातला पोचले तर कार्यशाळेतल्या टेबलांखाली अकरा जण दबा धरून बसलेले. ज्यांना अंथरुणातून ओढून काढायला घरी दोघं लागायची, ती ही पोरं. एकीचा बाप मला जिन्यात गाठून विचारत होता की तुम्ही हिला नक्की काय पाजता. बिघाडमास्तर हे नाव पोरांनीच ठेवलं आणि त्यांना ते आवडलं.

हे ऐकायला गोड वाटतं. पण माझी खोलीही त्याच मजल्यावर, त्याचं काय? कधी माझ्या पंख्याचं बटण उलटं, एकवर वादळ आणि पाचवर मेलेला. कधी टेबलाचा खण उलटा बसवलेला, ओढला की टाचण्या सगळ्या जमिनीवर. मी महत्त्वाचं पत्र लिहायला बसावं आणि सहा जणांनी आत घुसून माझ्या कपाटाखाली डोकं घालावं. मी आरडाओरडा केला की मास्तर दारात उभे राहून माफी मागायचे, आणि डोळे हसत असायचे. माझ्या अगदी नाकी नऊ आणले होते या माणसाने.

त्या बावीस जणांत एक होती, तिला सगळे ‘कशाला’ म्हणायचे. सोळा वर्षांची. चार शाळा झालेल्या. तिची आत्या तिला दंडाला धरून घेऊन आली तेव्हा मी नाव विचारलं, तर म्हणाली, “कशाला?” वही घे म्हटलं, कशाला. बस म्हटलं, कशाला. तिचं एवढंच बोलणं. दोन महिने ती सगळ्यांकडे पाठ करून खिडकीशी बसून असायची. एके दिवशी पोरं नळ उघडत होती, बिजागऱ्या हलवत होती, काही सापडेना. तेव्हा ही पाठमोरीच म्हणाली की भिंतीवरचं घड्याळ अकरा मिनिटं मागे केलंय, कारण समोरच्या बेकरीचं शटर रोज नऊला वर जातं आणि आज ते गेलं तेव्हा घड्याळात नऊला अकरा कमी होते. मास्तरांनी तिला स्टूल दिलं आणि घड्याळ उतरवून तिच्याच हातात ठेवलं. त्या दिवसापासून तिने खिडकी सोडली. वर्षभरात तिच्यासमोर मास्तरांचा कुठलाही बिघाड अर्ध्या तासाच्या वर टिकेना.

आता माझ्या खुर्चीकडे येते. सोमवारी सकाळी साडेअकरा वाजता, समोर पत्रं घेऊन आलेला कुरियरवाला उभा असताना, मी चहाचा कप हातात घेऊन मागे टेकले आणि खुर्चीची पाठ निखळली. मी खाली, पाय वर, चहा अंगावर. कुरियरवाल्याने मला उठवायच्या आधी तोंड फिरवून हसून घेतलं, ते मला खांद्यांवरून कळलं. अंगाचा तिळपापड झाला. खोलीचं दार लावून घेतलं आणि तिथल्या तिथे लिहायला बसले. ‘सदर शिक्षक सरकारी मालमत्तेची हेतुपुरस्सर नासधूस करून विकृत करमणूक करून घेतात.’ विकृत करमणूक हे दोन शब्द सुचल्यावर मला केवढं समाधान वाटलं होतं. सदर शिक्षकाकडे कोणतंही प्रमाणपत्र नाही, हेही मी आठवणीने घातलं. त्याच कुरियरवाल्याला परत बोलावून पाकीट त्याच्या हातात दिलं.

तासाभराने ‘कशाला’ माझ्या खोलीत आली. मी बोलावलं नव्हतं. तिने खुर्ची उलटी केली, मान आत घातली आणि बराच वेळ बघत राहिली.

“बाई, हा स्क्रू कुणी काढला नाही,” ती म्हणाली. “तुटलाय. आतून पार गंजलेला होता. आणि आजचा बिघाड तर आम्हाला सकाळीच सापडला. घंटेत होता.”

तुटका तुकडा तिने माझ्या टेबलावर ठेवला. मी तिला म्हटलं की बरं झालं सांगितलंस, आणि कामाला लाग म्हणून हाकललं. मास्तर स्क्रूला गंज चढवू शकत नाहीत, एवढं मलाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मी मुख्य कार्यालयात फोन केला. तिथला कारकून म्हणाला की तक्रार मागे घेता येते, पण ती खोटी होती असं तक्रारदाराने लिहून द्यावं लागतं. मी बघते म्हटलं आणि फोन ठेवला. मनात म्हटलं, या कार्यालयाने माझे किती अर्ज हरवलेत, हाही हरवतील. पण नाही. तेवढा एकच कागद त्यांनी जिवापाड सांभाळला.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. गुरुवारी दहा वाजता तपासणीसबाई येतील, आणि आरोप खरा ठरला तर शिक्षकाला त्याच दिवशी कामावरून कमी केलं जाईल. टपाल मीच फोडते, त्यामुळे ते मास्तरांना मलाच द्यावं लागलं. त्यांनी ते हळूहळू, ओठ हलवत वाचलं आणि एका शब्दावर बोट ठेवून मला अर्थ विचारला. हेतुपुरस्सर म्हणजे मुद्दाम, असं मी सांगितलं.

“मग ते बरोबरच आहे की,” ते म्हणाले. “पण खुर्चीचं तेवढं मला आठवत नाही हो.”

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. तोंड उघडलं, पण बाहेर भलतंच आलं. मी त्यांना हात जोडून विनवलं की गुरुवारी काही म्हणजे काही बिघडवू नका, एक दिवस सगळं ठाकठीक राहू द्या, बाई बघून निघून जातील. त्यांना माझा कळवळा पाहून भरून आलं. हे आठवलं की अजून कसंतरी होतं. त्यांनी शब्द दिला आणि पाळला. गुरुवारी ते काही न करता, आठ वाजता, साध्या माणसासारखे आले.

चूक एवढीच झाली की हे आम्ही पोरांना सांगितलं नाही. तपासणीचंही सांगितलं नाही, उगाच घाबरतील म्हणून.

पोरांनी नेहमीप्रमाणे शोधायला सुरुवात केली. नळ ठीक. घंटा ठीक. पंखे, दारं, घड्याळ ठीक. साडेआठ झाले. मास्तर म्हणाले, आज काही नाही रे. पोरं एकमेकांकडे बघून हसली. आज काही नाही असं मास्तरांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं म्हणजे आजचा बिघाड भलताच जबर असणार, हे त्यांना एकदम पटलं. मास्तर जितकं शपथेवर सांगत, तितका पोरांना चेव येई. मीही ओरडून पाहिलं, तर एक जण म्हणाला की आज बाईसुद्धा सामील आहेत.

नऊपर्यंत बेसिनखालचे पाइप सुटले. सव्वानऊला घंटा चार तुकड्यांत टेबलावर होती, आणि प्रत्येक तुकड्याखाली चिठ्ठी, ‘तपासलं, ठीक.’ साडेनऊला वर्गांची दारं बिजागऱ्यांवरून उतरून भिंतीला टेकली. सगळ्या खुर्च्या उलट्या. जेमतेम लिहिता येणारा एक मुलगा पाठपुठ्ठ्यावर यादी करत फिरत होता आणि ती त्रेचाळीस वस्तूंवर गेली होती. मास्तर मधोमध स्टुलावर बसून होते. आयुष्यात पहिल्यांदा काही केलं नाही म्हणून त्यांच्यावर ही पाळी आली होती. मी कपाळाला हात लावून त्यांच्या शेजारी उभी.

राहिली माझी खोली. फायलींचं मोठं कपाट त्यांनी बाजूला सारलं आणि त्यामागे निघाला मागचा दरवाजा. आग लागली तर बाहेर पडायचा तो. एवढ्या वर्षांत मी तो विसरूनही गेले होते. रंगाचे इतके थर बसले होते की फटसुद्धा दिसेना आणि कडी गंजून जागीच जाम झालेली. “सापडला,” असा ओरडा झाला. मास्तर लंगडत तिकडे धावले, हा माझा नव्हे म्हणून सांगत. तोवर कशालाने हातोडीने बिजागरीची खीळ वर काढली होती. दरवाजा धाडकन बाहेरच्या जिन्यावर पडला, आणि नेमक्या त्याच वेळी तपासणीसबाई पुढच्या दाराने आत आल्या.

त्यांनी सगळीकडे एकदा नजर फिरवली. रोज असंच चालतं का, असं जवळच्या मुलाला विचारलं. तो प्रामाणिकपणे म्हणाला की नाही, रोज लवकर सापडतं.

मग पोरांनी त्यांना काही बोलूच दिलं नाही. यादी दाखवली, काय उघडलं, का उघडलं, कसं परत बसणार ते सांगितलं. ज्या मुलाला मागच्या शाळेत मठ्ठ म्हणायचे, तो बेसिनच्या पाइपाला वाक कशासाठी असतो हे समजावत होता आणि बाई ऐकत होत्या. मग एकाने अगदी सहज भिंतीवरची चौकट उतरवून आणली. सुरक्षा तपासणीचं प्रमाणपत्र ते. ‘मागील दरवाजा: सुस्थितीत.’ त्याने विचारलं, बाई, ही सही कुणाची? बाईंनी पर्समधून चष्मा काढला, घातला, पाहिलं आणि काढून पुन्हा पर्समध्ये ठेवला. सही त्यांचीच होती.

“दरवाज्याचं मी बघेन,” त्या म्हणाल्या. “पण मी खुर्चीसाठी आले आहे. त्यात एका व्यक्तीला इजा झाली आहे.”

त्यांनी माझी दोन पानं काढली आणि मोठ्याने वाचली. विकृत करमणूक आलं तेव्हा पोरांचे चेहरे पडले. तक्रारदाराचं नाव सांगता येणार नाही, असं म्हणून बाईंनी मास्तरांना विचारलं की खुर्ची तुम्ही ढिली केली का. त्यांनी पोरांकडे पाहिलं, एकेकाकडे, सावकाश. आणि मला लख्ख कळलं की त्यांना काय वाटतंय. यातल्याच कुणीतरी आपलं पाहून हे केलं असणार, असं त्यांना वाटत होतं.

“मीच केली,” मास्तर म्हणाले. “पोरांचा संबंध नाही.”

आपण होऊन पुढे झाले असं लिहायला मला फार आवडलं असतं. खरं सांगायचं तर हातात बिजागरीची खीळ घेतलेल्या कशालाने माझ्याकडे पाहिलं, नुसतं पाहिलं, आणि ते मला सोसेना.

“तक्रार माझी आहे,” मी म्हटलं. “आणि खोटी आहे. स्क्रू गंजून तुटला होता. मला त्याच दिवशी कळलं होतं, तरी मी गप्प बसले.”

तपासणीसबाईंनी मला कागद दिला आणि हे लिहून द्यायला सांगितलं. याची नोंद माझ्या सेवापुस्तकात जाईल, हेही स्पष्ट सांगितलं. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. मी लिहिलं. दोन पानं लिहायला पाऊण तास लागला होता, या तीन ओळींनी माझा घाम काढला.

मास्तर राहिले. वर लेखी सूचना आली की यापुढे प्रत्येक बिघाडाची नोंद आदल्या दिवशी वहीत करावी. ती सूचना मी कपाटात तळाला ठेवून दिली आहे. मागचा दरवाजा आता एका बोटाने उघडतो. पोरं आठवडाभर माझ्याशी बोलली नाहीत, मग विसरली. त्या वयात राग धरून ठेवायला वेळ कुठे असतो.

मास्तर मात्र रागावले नाहीत, आणि तेच वाईट झालं. भेटले की नमस्कार, काही लागलं तर वाक्याच्या आधी बाई आणि नंतरही बाई. माझी खोली अशी काही सुरळीत चालायला लागली की विचारू नका. पंखा फिरतो, खण सरकतो, सगळं जागच्या जागी. कार्यशाळेत हसण्याचा कल्लोळ आणि माझ्याकडे शांतता. महिना गेला, चार महिने गेले. पोरं शोधत शोधत माझ्या दारापर्यंत यायची आणि इथं काही नसतं म्हणून परत फिरायची. मी घरी जाऊन धाकट्या बहिणीशी विनाकारण भांडायची. शेवटी लाज सोडून मी मास्तरांकडे गेले आणि म्हटलं की माझ्याही खोलीत काहीतरी बिघडवा की.

ते कानशीने लोखंड घासत होते. थांबले.

“नको बाई,” ते म्हणाले. “मला आता तुमची भीती वाटते.”

टोमणा नव्हता तो. खरंच वाटत होती. मी खोलीत येऊन दार लावलं आणि रडले.

दुसऱ्या दिवशी मी कशालाला बोलावलं आणि मला एक बिघाड करायला शिकव म्हणून सांगितलं. तिने अर्थातच कशाला विचारलं. मास्तरांनी मला परत त्यांच्यातली म्हणावं म्हणून, असं मी तिला सांगितलं. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी सतरा वर्षांच्या पोरीपुढे असं बोलायला जीभ रेटत नाही, पण बोलले. तिने स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. माझी धरायची पद्धत बघून तिने डोळे मिटले, पण ओरडली नाही. तीन दुपारी ती मला एका जुन्या कपाटाच्या मुठीवर शिकवत होती. मूठ ज्या स्क्रूने आतल्या दांड्याला धरून असते तो कुठे असतो, किती फिरवला की मूठ गरगर फिरते आणि दार उघडत नाही, सगळं. ती शिकवताना किती बोलते हे मला तेव्हा कळलं.

सोमवारी मास्तर खाली पंपापाशी गेले तेव्हा मी त्यांच्या हत्यारांच्या कपाटाची मूठ ढिली केली. पोरांना त्या दिवसाचा बिघाड दहा मिनिटांत सापडला, हजेरी लागली, आणि मास्तर हत्यारं काढायला गेले. मूठ गरगर. त्यांनी पुन्हा फिरवली. मग वळून पोरांना झापायला लागले की रोज एकच हा नियम कोणी मोडला. पोरं शपथा घेत होती. कशाला छताकडे बघत होती. मी दारात उभी होते, मी हात वर केला.

मास्तर माझ्याकडे बघत राहिले, मग खाली बसले, डोळा मुठीला लावून बराच वेळ तपासत राहिले. पाठीमागून मला काहीच कळेना.

“दोन फेरे जास्त ढिला केलात,” शेवटी ते म्हणाले. “पडून हरवला असता. उद्या साडेसहाला या, नीट दाखवतो.”

मी सव्वासहालाच पोचले. पुढच्या दाराची मूठ हातात नुसती फिरत होती आणि आतून पोरांचं दाबलेलं हसू ऐकू येत होतं, त्यात एक आवाज मास्तरांचा. मला इतका आनंद झाला की मी तिथेच पायरीवर बसले. मग डोळे पुसले, पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला आणि कामाला लागले.